ऑपरेशनला बरोबर कोण होतं

माझा विषय आईला कधी धड सांगता आला नाही. हळदीकुंकवाला आलेली एखादी नवी शेजारीण विचारायची, "धाकटी काय करते हो?" आई म्हणायची, "कॉलेजात शिकवते. आणि बायकांवर लिहिते." मग ती पुढच्या बाईच्या हातावर तिळगूळ ठेवायची. बायकांवर म्हणजे काय, ते कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

बाईला किती मुलं व्हावीत हे घरात कोण ठरवतं आणि त्यात धर्म कुठे कुठे येतो, एवढाच माझा विषय. पीएच.डी. त्याच्यावर झाली, पुढचे सगळे लेख त्याच्यावर झाले, प्रोफेसर झाले तीही त्याच्यावरच. आमचं घर भिवंडीतच, जुन्या आळीत, त्यामुळे संशोधनासाठी लांब कुठे जावं लागलं नाही. दुपारी जेवून रिक्षाने निजामपुऱ्यात, यंत्रमागवाल्या मुसलमान वस्तीत, जायचं आणि चहाच्या वेळेला परत यायचं. शुक्रवारी लूम बंद असत, पण त्या दिवशी पुरुष घरी असत, म्हणून मी इतर दिवशी जायची. भिंतीपलीकडे लूम चालू असायचे. माझ्या सगळ्या मुलाखतींच्या मागे तो आवाज आहे. बायका ओरडूनच बोलायच्या. इतक्या खासगी गोष्टी इतक्या मोठ्याने ऐकायची मला सवय झाली.

सुरुवातीच्या दिवसांतली एक बाई आठवते. ती घरात बसून लुमाच्या धोट्यात बसणाऱ्या नळीवर यंत्राने धागा गुंडाळून द्यायची. इथे त्याला कांडी भरणं म्हणतात. मी विचारायच्या आधी तिनेच मला विचारलं, "आपके कितने हैं?"

"मेरे नहीं हैं."

"शादी?"

"नहीं की."

तिने यंत्र बंद केलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं. "तो आपको क्या समझाऊँ," म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. पाचव्या बाळंतपणानंतर तिने तांबी बसवून घेतली होती. नवऱ्याला पत्ता नव्हता. सासूला होता, कारण सासूच घेऊन गेली होती. मधे एक मूल गेलं होतं, तेही तिने त्याच आवाजात सांगितलं. मला रडू यायला लागलं तशी ती थांबली आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली. पाणी पिऊन मी निघाले, कारण तिचं काम अडलं होतं.

गाइड मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तू रडलीस की तिला तुझी काळजी घ्यावी लागते. पुढचा प्रश्न विचारत जा." मी ते शिकले. चेहरा न हलवता पुढचा प्रश्न विचारायचा. दोन-तीन वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं की मुलाखत संपवून घरी आल्यावर वरणभात नेहमीसारखा जायचा.

सेमिनारांना जायला लागले तसं कळलं की माझा विषय लोकांना एकाच कारणासाठी हवा असतो. भाषण संपलं की कोणीतरी उठायचं. "मॅडम, पण त्यांच्यात जास्त होतात, हे तर खरं ना?" मी सांगायची की बायका दोन्हीकडे जवळजवळ तेच बोलतात, सासूचं नाव घेतात, देवाचं घेतात, दवाखाना लांब असल्याचं सांगतात. विचारणारा मान हलवून खाली बसायचा आणि चहाच्या वेळी तेच वाक्य दुसऱ्या कोणाला तरी ऐकवायचा. दुसऱ्या बाजूचेही असत. ते म्हणायचे, तुम्ही आमच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला आणता? सुरुवातीला मला राग यायचा. नंतर यायचा बंद झाला. मी बिस्किट बुडवून चहा प्यायची आणि परतीची गाडी पकडायची.

घरात तेव्हा आई, दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. वडील शाळेत मास्तर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा बँकेत. त्याची बदली काल्हेरला झाली होती तेव्हा तिथे वहिनी भेटली. तिच्या माहेरच्यांची खाडीलगत भातशेती होती, आता तिथे गोदामं उभी आहेत. आमच्या नात्यागोत्यात हे लग्न बसणारं नव्हतं. आई महिनाभर जेवताना कोणाशी बोलली नाही आणि मग एक दिवस बाजारात जाऊन सुनेसाठी हिरव्या बांगड्या घेऊन आली. त्यानंतर तिने वहिनीला कधी परकं मानलं नाही. मासळी तेवढी घरात येऊ दिली नाही. वहिनी माहेरी जाऊन खाऊन यायची आणि आई तिला विचारायची, "मिळाले का चांगले?"

दोन मुलींवर आईचा जीव होता. त्यांना न्हाऊ घालायची, पाढे म्हणून घ्यायची. पण तिसऱ्या खेपेला मुलगा होणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. वज्रेश्वरीला नवस बोलून झाला होता. तिसऱ्या वेळी वहिनीला पाचव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. मूल गेलं. वहिनी वाचली, पण डॉक्टरांनी आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं की आता पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल. आईने ते ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली, "डॉक्टर सांगतातच. देवीच्या मनात असेल तसं होईल." आणि नवस वाढवला.

पुढे काही महिन्यांनी वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी पेपर तपासत बसले होते. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, तुमी त्या बायांचं लिवता ना?"

"हो."

"मुलं बंद करायचं ऑपरेशन करायचं तर नवऱ्याची सही लागते का?"

"नाही. कायद्याने नाही लागत. बाईची स्वतःची पुरते." मी हे वर्गात सांगते त्याच आवाजात सांगितलं.

तिने एक चादर झटकली. "मग तुमी याल?"

"दादाला सांगितलंस?"

"ते वाईट न्हाय. पन त्यांना सांगितलं तर ते आईंना सांगनार. त्यांना पोटात ठेवता येत न्हाय." मग म्हणाली, "मला मरायचं न्हाय ताई. दोन पोरी हायेत."

मी येते म्हटलं. पेपर तपासायचे राहिले होते, ते तपासले. तिचं बोलणं ऐकताना माझा चेहरा हलला नाही, हे खाली जिना उतरताना माझ्या लक्षात आलं.

वहिनी चार दिवस माहेरी जाते असं सांगून निघाली. तिच्या आईला सगळं माहीत होतं. मी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि नाक्यावर दोघींना रिक्षात घेतलं. ठाण्यातलं एक लहानसं खासगी हॉस्पिटल होतं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "पेशंटबरोबर कोण?"

"मी."

"नातं?"

"नणंद."

मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला हसू आलं असावं, पण हसली नाही. "बहुतेकींबरोबर आई असते," एवढंच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी नवऱ्याचं विचारलं. मी नियम सांगायला लागले तसा त्यांनी हात वर केला. "नियम मला माहीत आहे हो मॅडम. उद्या सासरचं कोणी भांडायला आलं तर मी काय करू, ते सांगा."

"माझा नंबर द्या. सासरचीच आहे मी."

त्यांनी माझी सही घेतली. वहिनीला आत नेलं. ती साडी बदलून हिरव्या गाउनमध्ये बाहेर डोकावली, आपल्या आईला हातातल्या बांगड्या काढून दिल्या आणि गेली. तिची आई बाकावर बसून जप करत होती. माझ्याजवळ एका लेखाची प्रुफं होती. स्त्रियांचं निर्णयस्वातंत्र्य, असा त्याचा विषय. मी ती तपासली. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. आता पुष्कळदा वाटतं की त्या वेळी भीती वाटायला हवी होती, किंवा अभिमान तरी. काही वाटलं नाही. एसी फार गार होता, तेवढं आठवतं.

काल्हेरला तिच्या माहेरी तिला सोडायला मी गेले. घराच्या तिन्ही बाजूंना गोदामं, समोरून कंटेनर जातात, अंगणातल्या तुळशीवर धूळ बसलेली. आत तिच्या आईने पेज करून ठेवली होती. वहिनी उशीला टेकून पेज प्यायली. म्हणाली, "आता झोप लागंल मला." आणि खरंच झोपली. मी बाहेर येऊन घरी जायला शेअर रिक्षा पकडली.

आठ-दहा महिने कोणाला काही कळलं नाही. मुलींच्या शाळा, दिवाळी, सगळं नेहमीसारखं झालं. आई मात्र दर महिन्याला वहिनीकडे बघायची. मग तिने कोणाकडून तरी एका वैद्याचं नाव आणलं आणि औषध सुरू करायचं ठरवलं. पहिल्याच पुडीला वहिनीने हात लावला नाही. मी आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. आई देवापुढच्या वाती वळत बसली होती.

"आई, मी औषध घेनार न्हाय. माझं ऑपरेशन झालंय," वहिनी म्हणाली.

"कसलं?"

"मुलं बंद केल्याचं."

आईने हातातली वात तशीच खाली ठेवली. मग तिने एवढंच विचारलं, "बरोबर कोण होतं?"

"ताई होत्या."

आई उठली. हातातला कापूस डब्यात ठेवला, डब्याला झाकण लावलं. माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी काहीतरी बोलणार होते. ती म्हणाली, "तुझं संशोधन झालं का पुरं?"

उत्तराची वाट न बघता ती वळली. त्यानंतर दोन वर्षं, थोडी जास्तच, ती माझ्याशी बोलली नाही.

वहिनीशी तिचं काही बिघडलं नाही. आठवडाभर ती गप्प होती. मग एका सकाळी वहिनीला म्हणाली, "नीट जेवत जा. हाडं दिसायला लागलीत." दोघी मिळून लोणचं घालायच्या, मुलींचे केस विंचरायच्या. दादा त्या दिवशी न जेवता झोपला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मला सांगायला हवं होतंत तुम्ही." मी म्हटलं, हो. तो जायला निघाला आणि परत वळला. "तिला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?" हे त्याने कुठल्या अर्थाने विचारलं ते मला अजून नक्की माहीत नाही. मूल राहून काही झालं असतं तर, की ऑपरेशनमध्ये. मी विचारलंही नाही.

माझ्याशी आई मुलींमार्फत बोलायची. "आत्याला सांग, भाजी गार होतेय." "आत्याला सांग, पाऊस आहे, छत्री ने म्हणावं." ताट नेहमीसारखंच वाढलेलं असायचं, मला आवडते म्हणून कारल्याची भाजी जरा जास्त. ताप आला तेव्हा तिने माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पण तोंडातून शब्द नाही. मी पहिले काही आठवडे समजावायचा प्रयत्न केला. "आई, तिच्या जिवाचा प्रश्न होता." आई कुकरची शिट्टी मोजत राहायची. नंतर मीही थांबले. खरं सांगायचं तर त्या गप्पपणाचा त्रास जितका व्हायला हवा होता तितका झाला नाही. पाय बराच वेळ दुमडून बसलं की बधिर होतो आणि मग तो आपला आहे हे विसरायला होतं, तसं काहीसं. कॉलेजात मी बढतीसाठी मुलाखत दिली. निवड समितीतल्या एकांनी विचारलं, "प्रत्यक्ष कुटुंबांमध्ये तुमच्या संशोधनाचा काही उपयोग झाल्याचं उदाहरण?" मी निजामपुऱ्यातल्या आरोग्य शिबिराचं सांगितलं. बढती मिळाली. घरी पेढे आणले. आईने देवापुढे ठेवले, एक स्वतः खाल्ला.

पुन्हा बोलणं सुरू झालं तेही असंच. दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी आतून कसली तरी फाइल शोधत होते. आई दारातून म्हणाली, "सिलिंडरवाला आलाय. बघ जरा, माझा गुडघा धरलाय." मी गेले, सिलिंडर आत घेतला, सील बघितलं, वजन बघितलं. परत आले तर ती भाजी निवडत होती. "लीक तर नाही ना?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. काहीतरी होईल म्हणून मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. काही झालं नाही. त्या दिवसापासून ती बोलायला लागली.

मधे बरीच वर्षं गेली. थोरली पुतणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, धाकटीची यंदा बारावी. माहेरच्या गोदामातला वाटा वहिनी स्वतः बघते, स्कूटरवरून जाते, भाडेकरूंशी हिंदीत भांडते. आई पंच्याहत्तरीची झाली.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. आठवडाभर तिला वाकायचं नव्हतं, वाचायचं नव्हतं, टीव्ही बघायचा नव्हता. काळा चष्मा लावून ती खुर्चीत बसून असायची आणि मी सुट्टी काढली होती. एका सकाळी कॉफी घेताना ती आपणहून म्हणाली, "माझंही तसलंच ऑपरेशन झालं होतं. वहिनीचं झालं तसलं."

मला माहीत नव्हतं. माझ्या पाठीवर कोणी नाही, हे मी कधी प्रश्न म्हणून बघितलंच नव्हतं.

"कधी?"

"आणीबाणी होती. तू चार-पाच महिन्यांची होतीस. मास्तर लोकांवर नसबंदीची सक्ती होती. आधी स्वतःच्या घरातलं, मग बाहेरच्या केसेस आणायच्या. नाहीतर पगार अडवायचे, बदली करायचे. ह्यांना सांगितलं होतं."

"मग बाबांनी का नाही केलं?"

"पुरुषाला अशक्तपणा येतो म्हणायचे तेव्हा. तुझ्या आजीने ठरवलं, सुनेचं करा म्हणून. एका शाळेत कॅम्प होता. बाकं जोडून ठेवली होती. तुला शेजारच्या काकूंकडे दिलं होतं. ह्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि शाळा भरायची वेळ झाली म्हणून गेले. मी एकटीच होते आत."

"तुला नको होतं?"

"मला अजून एक हवं होतं. मुलगा असं काही नाही. दादा होताच. अजून एक हवं होतं एवढंच." काळ्या चष्म्यामागे डोळे दिसत नव्हते. "मला कोणी विचारलंच नाही."

मी विचारलं, "मग वहिनीच्या वेळी तू का रागावलीस? तिने तर स्वतः ठरवलं होतं."

आईने कप खाली ठेवायला हात पुढे केला, टेबल कुठे आहे ते चाचपडलं. मी कप घेतला.

"ती तुझ्याकडे आली," आई म्हणाली. "माझ्याकडे नाही आली. मी नको म्हटलं असतं, ते खरं आहे. तरी मला विचारायला हवं होतं. आधी सासूने ठरवलं, मग सुनेने ठरवलं. माझी पाळी कधी आली?"

मी कप टेबलावर ठेवला. आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून पुढचा प्रश्न गेला, जसाच्या तसा. "त्या वेळी तुला काय वाटलं होतं?"

ती थोडी हसली. "हे तू सगळ्यांना विचारतेस का गं?"

"हो."

"काय सांगतात?"

"बहुतेक जणी म्हणतात, काही नाही."

"मग माझंही तेच लिही," ती म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

मी ते लिहिलं नाही, म्हणजे लेखात वगैरे नाही. संध्याकाळी वहिनी आली तेव्हा तिला सांगितलं. ती ओट्यापाशी उभी होती. ऐकून तिने गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि बाहेर जाऊन आईच्या खुर्चीपाशी खाली बसली. दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. बऱ्याच वेळाने वहिनी परत आली, डोळे लाल होते. मला म्हणाली, "तुमी न्हाय रडलात?"

"नाही आलं."

"येईल," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.

आईला आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. पेपर पूर्ण वाचते, मृत्यूच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवते. मी या आठवड्यात नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण सुरू केलं आहे. आज सकाळी ती माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली, पानावर बोट ठेवून दोन ओळी वाचल्या. "फार अवघड लिहितेस," म्हणाली. मी म्हटलं, सोपं करते. ती खिडकीशी जाऊन बसली आणि मी पहिली ओळ खोडून पुन्हा लिहायला घेतली.